एरंडेलाचा ब्रेक

त्या गाडीचा ब्रेक मी भरला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला असं वाटायला नको की म्हातारा दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालतोय.

गाडी आमच्या बापाची. चोपन्न सालची अमेरिकन, चार दारांची, खाली हिरवी आणि वर सायीच्या रंगाची. बाप गेल्यावर ती सांतियागोतल्या आमच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, बावीस वर्षं पोत्यांखाली उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. माझा धाकटा भाऊ ओनेलिओ शहरात बस चालवायचा. निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला, कॉफी प्यायला आणि म्हणाला, "दादा, बाबांची गाडी बाहेर काढायची. रोज चालवायची. चौक ते दवाखाना, सवाऱ्या घेऊन."

"तिच्या इंजिनाला पेट्रोल पाजायला तुला विहीर खणावी लागेल."

"इंजिन तू बदल. पण बाहेरून एक केस हलता कामा नये. बाबा उठून आले तर त्यांना वाटलं पाहिजे की कालच लावून गेलो होतो."

"बाबा उठून आले तर आधी विचारतील, या कोंबड्या कुणाच्या?"

हसला, पण डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी हो म्हणालो.

सात महिने लागले. मूळ इंजिन काढलं आणि एका मोडीत निघालेल्या व्हॅनचं डिझेल इंजिन आत बसवलं. ते जड होतं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. दारांखालचा पत्रा गंजून बिस्किटासारखा झाला होता; तो कापून तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून ठोकून त्या आकाराचा केला. पुट्टी कमीत कमी वापरली. रंग मात्र असा जुळवला की शेजारचा मानोलो, ज्याने लहानपणी त्या गाडीला दगड मारला होता, तो येऊन दगडाची खूण शोधत बसला.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजलं. व्हॅनच्या पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक माझ्याकडे होते. ते बसवले असते तर गाडी कुठेही थांबली असती. पण त्यांच्यावर बापाच्या वेळची चाकं बसत नव्हती, आणि चाकं गेली की त्यांवरच्या चकचकीत टोप्याही गेल्या.

"व्हॅनची चाकं बाबांच्या गाडीला?" ओनेलिओ म्हणाला. "नवरीला गमबूट घाल मग!"

"गाडी जड झालीय. जुने ड्रमचे ब्रेक पुरायचे नाहीत."

"मी छत्तीस वर्षं बस थांबवलीय, दादा. गाडी ब्रेकने नाही, ड्रायव्हरने थांबते."

मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही त्या टोप्या आवडायच्या. लहानपणी त्यांत आमची तोंडं वाकडी दिसायची. जुनेच ड्रम साफ केले, नवीन लायनिंग चिकटवलं आणि ब्रेक ऑइल भरलं.

ब्रेक ऑइल आमच्याकडे मिळत नाही. कित्येक वर्षं मिळत नाही. आम्ही मेस्त्री लोक ते घरीच करतो. एरंडेल तेल, आणि त्यात रेशनच्या दुकानातलं स्टोव्हचं स्पिरिट. नीट ढवळलं, दोन दिवस बाटलीत ठेवलं आणि फडक्यातून गाळलं की झालं. रबर फुगत नाही, पेडल छान कडक राहतं. मी आयुष्यभर हेच भरत आलो.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा चौकातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तीन आठवडे ती सुरळीत चालली.

मग एका दुपारी आम्ही चौघे फुटपाथवर डॉमिनो खेळत होतो. सोंगटी आपटता आपटता ओनेलिओ सांगू लागला. "काल बोनिआतोच्या घाटात पेडल थेट तळाला गेलं! मागे चार सवाऱ्या, सगळ्या काळ्या कपड्यांत, माणूस पुरून येत होत्या. मी म्हटलं, काय मंडळी, परत फिरू या का? खड्डा अजून उघडाच असेल!"

सगळे हसले. मी हसलो नाही. "मग थांबलास कसा?"

"हँडब्रेक ओढला आणि गाडी मातीच्या दरडीला घासत नेली. बंपरला ओरखडा आलाय, तेवढा काढून दे. आणि गंमत ऐक. आम्ही एकेक सिगारेट ओढली, मी पुन्हा पाय ठेवला, तर पेडल दगडासारखं! जसं काही झालंच नाही."

"गाडीला पण दुःख झालं असेल, मयताचं," मानोलो म्हणाला.

माझ्या हातातल्या सोंगट्या मला जड वाटायला लागल्या. पाइप गळत असेल तर तेल खाली दिसतं. रबर फाटलं असेल तर पेडल रोज थोडं थोडं खाली जातं. बिघाड असा समोर असला की त्याला धरता येतं. पण येऊन, आपलं काम करून, पुन्हा शहाण्यासारखा गप्प बसणारा बिघाड मी कधी पाहिला नव्हता. मी उठून गाडी तपासली. चारही चाकं. कुठे थेंब नाही. पेडल कडक.

घरी येऊन मी बाटलीतलं थोडं मिश्रण एका डब्यात घेतलं आणि स्टोव्हवर ठेवलं. शेजारच्या शेगडीवर एल्विराने कॉफीचं पाणी ठेवलं होतं.

"आता माझ्या स्टोव्हवर गाडी शिजवणार का?" ती म्हणाली. एल्विरा माझी बायको. तिला माझ्या कुठल्याच गोष्टीचं नवल वाटत नाही.

पाणी अजून गप्प होतं. माझ्या डब्यात मात्र बुडबुडे यायला लागले. आधी कडेला, मग सगळीकडे. मी स्टोव्ह बंद केला. थोड्या वेळात ते पुन्हा तेलासारखं शांत झालं. बघून कुणी म्हणालं नसतं की हे कधी उकळलं होतं.

तेव्हा मला कळलं. तेल दबत नाही, वाफ दबते. शहरात दहा वेळा ब्रेक मारला तरी ड्रम एवढे तापत नाहीत. पण लांब उतारावर, पाय न काढता, जड इंजिन घेऊन... पाय खाली जातो आणि खाली फक्त वाफ असते.

मी तसाच ओनेलिओकडे गेलो. "उतारावर न्यूट्रल करतोस का?"

"सगळेच करतात. डिझेल काय आभाळातून पडतं?"

"म्हणजे सगळा भार ब्रेकवर."

मी त्याला डब्याची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतलं, पण तोंड असं केलं की जणू मी कुणाच्या बायकोबद्दल वाईट बोलतोय. "दादा, पेडल परत आलं ना?"

"येतं. तेच वाईट आहे. माझी पोरगी विल्मा परदेशातून खरं ब्रेक ऑइल पाठवतेय, महिन्याभरात येईल. तोवर डोंगर नको. शपथ घे."

"बरं."

"बरं नको. शपथ."

"एल कोब्रेच्या देवीआईची शपथ," तो म्हणाला.

त्याच शनिवारी त्याच्या नातीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आमच्याकडे मुलगी पंधराची झाली की झगा शिवतात, फोटो काढतात, आणि घरात गाडी असेल तर फोटो गाडीसकट. दायामीचा झगा निळा होता, एवढा घेरदार की मागच्या सीटवर ती, तिची आई मारेलिस आणि फोटोवाला बसल्यावर फोटोवाल्याचं फक्त डोकं दिसत होतं. मी पुढे, ओनेलिओशेजारी. जायचं ठरलं होतं सिबोनेयच्या समुद्रावर. रस्ता सपाट.

लास ग्वासिमासला फाटा फुटतो. सरळ गेलं की समुद्र, डावीकडे ग्रान पिएद्राचा डोंगर. ओनेलिओने गाडी डावीकडे घेतली.

"सिबोनेय सरळ आहे," मी म्हणालो.

"फोटोवाला म्हणतोय, वर धुकं आहे. धुक्यात निळा झगा बघ कसा उठून दिसेल." तो माझ्याकडे बघत नव्हता.

"शपथ घेतली होतीस."

"सवाऱ्या घेऊन डोंगर चढणार नाही अशी घेतली होती. या सवाऱ्या आहेत का? घरची माणसं आहेत."

"थांबव गाडी."

"मोठे आजोबा, आज भांडायचं नाही हं!" दायामी मागून म्हणाली. "फोटोत तुमच्या कपाळावर आठ्या येतील."

"त्या जन्मापासून आहेत, पोरी," ओनेलिओ म्हणाला आणि गिअर बदलला.

चढण सुरू झाली. इंजिन खणखणीत ओढत होतं. चढताना गाडी कुणाला फसवत नाही. मी वळणं मोजायला लागलो, पण वीस-बावीसनंतर सोडून दिलं. जेवढं वर जात होतो तेवढं सगळं उतरावं लागणार होतं, आणि ते मला एकट्यालाच दिसत होतं. मागे पोरगी गात होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला झाडांचे शेंडे. झाडं कुठे उगवली होती ते मात्र दिसत नव्हतं.

वर खरंच धुकं होतं. थंडीही होती. फोटोवाल्याने दायामीला बॉनेटवर बसवलं, दारात उभं केलं, चाकाजवळ वाकवलं. चाकाच्या टोपीत तिचा निळा झगा दिसत होता. ओनेलिओ दूर उभा राहून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की क्षणभर मलाच माझा राग आला. मी गाडीत वाकून किल्ली काढली आणि खिशात घातली.

"मारेलिसला आणि पोरीला मी यातून खाली जाऊ देणार नाही," मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"सगळ्यांसमोर तमाशा करू नकोस, दादा."

"तुझा हात आपोआप न्यूट्रलवर जातो. तुला कळतही नाही."

"सात महिने तूच बांधलीस, आणि आता तूच तिला नावं ठेवतोस?"

"मी बांधली म्हणूनच."

मारेलिस जवळ आली होती. तिने दोघांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही गप्प बसा. काका, एकच सांगा. पोरीला यात बसवू की नको?"

"नको."

तिने दायामीला हाताला धरून गाडीपासून बाजूला घेतलं. वरच्या कॉफीच्या मळ्यातून एक ट्रक आला. मागे पोती, पोत्यांवर आठ-दहा मजूर. मी हात केला. ड्रायव्हरचं नाव निवाल्दो. त्याने दायामीला बघून टोपीच काढली.

"पंधरा वर्षांची राणी माझ्या खटाऱ्यात? थांबा, सीट पुसतो."

"वा!" दायामी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "आज ट्रक. लग्नात काय, बैलगाडी?"

"लग्नात मी स्वतः खांद्यावर नेईन," निवाल्दो म्हणाला. "तोवर माझे गुडघे टिकले पाहिजेत फक्त."

ती हसली आणि झगा गोळा करून चढली. आई शेजारी. फोटोवाला मागे पोत्यांवर. मला हलकं वाटलं. एवढं हलकं की मी दार स्वतः लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

ट्रक निघाला. थोडं पुढे जाऊन निवाल्दोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे ओरडला, "बंदराजवळचे एवारिस्तो मेस्त्री ना तुम्ही? ओळखलं नाहीत? तीन वर्षांमागे माझे ब्रेक तुम्हीच भरलेत! तुमच्याच हातचं औषध. अजून थेंब गळत नाही!"

त्याने हात हलवला. ट्रक धुक्यात शिरला. इंजिनाचा आवाज पहिल्या वळणापर्यंत ऐकू आला. मग तो खाली बसला, अगदी बारीक झाला.

इंजिन बंद पडलं नव्हतं. न्यूट्रल केलं होतं.

मी फक्त भावाच्या गाडीचा विचार करत आलो होतो. एवढे दिवस, फक्त एका गाडीचा.

ओनेलिओनेही तो आवाज ऐकला. आयुष्यभर त्याने स्वतः तो तसाच बारीक केला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्यासमोर हात धरला. "किल्ली दे."

"दुसरा गिअर. काहीही झालं तरी दुसराच."

"दे म्हणतो ना!"

आम्ही निघालो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होतं. ओनेलिओने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले होते. उजवा हात दोनदा गिअरकडे निघाला आणि दोन्ही वेळा त्यानेच तो मागे ओढला. वळणावळणावर तो हॉर्न दाबत होता. खालून काही उत्तर येत नव्हतं. वेग वाढवावा तर आमचाच घात होता, आणि न वाढवावा तर ट्रक लांब जात होता.

अर्ध्या उतारानंतर वास यायला लागला. तापलेल्या लायनिंगचा, करपट. तो आमच्या गाडीचा नव्हता. पुढे पुढे जास्त होत गेला. एका वळणावर कडेचे दोन दगडी खांब तुटून पडले होते. तुटलेली जागा पांढरी, ताजी. ओनेलिओने गाडी हळू केली. मी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. झाडं, नेचे, आणि खूप खाली पाण्याचा आवाज. ट्रक नव्हता. निळं काही नव्हतं.

"दिसतंय का काही?" त्याने विचारलं.

"नाही."

"नीट बघ."

"नीट बघितलं. चल."

पुढचं सगळं अंतर मी मनात देवाचं नाव घेत होतो की शिव्या देत होतो, ते आता आठवत नाही.

फाट्याजवळ ट्रक उभा होता. रस्त्याच्या कडेला, आंब्याखाली. पुढच्या चाकांतून बारीक धूर निघत होता. एका बाजूचा आरसा आणि मागच्या हौद्याच्या फळीचं टोक गेलं होतं. मजूर सगळे खाली उतरले होते. फोटोवाला जमिनीवर बसून गुडघ्याला रुमाल बांधत होता. दायामी आईच्या कुशीत उभी होती, झग्याचा घेर चिखलात. ओनेलिओने गाडी थांबवली आणि तिच्याकडे पळत गेला. त्या वयात तो पळेल असं मला वाटलं नव्हतं.

निवाल्दो बाटलीतून पाणी पीत होता. तोंड हसरं होतं.

"शेवटच्या वळणांना नेहमीच जरा मऊ होतं पेडल," तो म्हणाला. "सवय आहे मला. आज पोती जास्त होती, एवढंच. खांबाला थोडा घासला. पण तुमचं काम, मेस्त्री! थोड्या वेळात पुन्हा दगड होईल बघा. आता इथून माणसं भरतो आणि वर जातो. दुपारची फेरी आहे, वीस जणं खाली यायची आहेत."

झाडाखाली खरंच माणसं उभी होती. बोचकी, एक म्हातारी, एक तान्हं मूल. चढायला तयार.

मी गाडीच्या डिकीतून पाना काढला आणि ट्रकखाली शिरलो. चाकाच्या मागे, ब्रेकची हवा काढायला एक छोटा स्क्रू असतो; तो उघडा ठेवला की ब्रेक रिकामा होतो आणि गाडी कुणाला नेता येत नाही. ड्रमची धग तोंडावर येत होती. मी पाना लावला आणि अर्धा फेरा फिरवला. आधी तेल आलंच नाही. शिट्टीसारखा आवाज करत वाफ आली. मग फेस, मग बुडबुड्यांनी भरलेलं तेल, तापलेल्या स्पिरिटच्या वासाचं.

"काय करताय?" निवाल्दो वाकला. "अहो मेस्त्री! ही वाफ कसली?"

"तुझ्या ब्रेकची. जा वर, दाब पेडल."

त्याने दाबलं. पेडल थेट तळाला आपटल्याचा आवाज मला खालून ऐकू आला. तो उतरला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. झाडाखालची माणसं मात्र ओरडायला लागली. आम्ही घरी कसं जायचं, म्हाताऱ्याला वेड लागलंय का, धरा रे त्याला. कुणीतरी माझा पाय ओढला. मी दुसऱ्या चाकाकडे सरकलो.

"सोडा त्याला," ओनेलिओचा आवाज आला. "बरोबर करतोय तो."

बासष्ट वर्षांत त्याने माझ्याबद्दल हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं असेल. मी मान वळवून पाहिलं. त्याने डिकीतून दुसरा पाना आणला होता. नातीच्या फोटोसाठी घातलेला पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट तसाच ठेवून तो रस्त्यावर पाठ टेकून झोपला आणि बापाच्या गाडीखाली सरकला. छत्तीस वर्षं बस चालवली, पण गाडीखाली तो जन्मात कधी गेला नव्हता.

"दादा," तो खालून म्हणाला. "डावीकडे फिरवायचा ना?"

"डावीकडे," मी म्हणालो. "आणि तोंड बाजूला ठेव."